डार्विनच्या परसांत

विलायतेस जाऊन आलेला आपल्याकडचा मनुष्य लंडन शहरांत काय काय पाहतो, हें आतां घरोघरीं पाठ झालें आहे. राजवाडा, पार्लमेंट, टेम्सवरचा पूल, ब्रिटिश म्यूझियम आणि मेणाचे पुतळे इतकें झालें कीं त्याचें लंडन पुरें होतें. आम्ही तिकडे गेलों तेव्हां हीं स्थळें आम्हींही पाहिलीं. त्यांविषयीं नवें सांगण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नाहीं. परंतु लंडनच्या दक्षिणेस, शहराच्या मध्यापासून सुमारें सोळा मैलांवर, डाऊन नांवाचें एक खेडें आहे. तेथें घालविलेला एक दिवस मात्र वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. चार्ल्स डार्विन याचें राहतें घर या खेड्यांत आहे. पण आम्हांस त्या घराची ओढ लागली ती उत्क्रांतिवादासाठीं नव्हे. तेथल्या हिरवळीखालीं राहणाऱ्या गांडुळांसाठीं. गेलीं कांहीं वर्षें आम्ही आपल्या स्वयंपाकघरांतील भाजीपाल्याचा कचरा गांडुळांच्या स्वाधीन करीत आलों आहों. तेव्हां या विद्येचें जें गुरुगृह, त्याचें दर्शन घेतल्यावांचून परतणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

डाऊनला जाण्यास लंडनहून आगगाडीनें प्रथम ब्रॉम्लीस यावें. तेथून १४६ नंबरची बस निघते, ती डाऊनच्या चर्चपाशीं नेऊन सोडते. ब्रॉम्लीचीं दुकानें मागें पडलीं कीं रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्ही बाजूंचीं कुंपणाचीं झुडपें इतकीं जवळ येतात कीं समोरून दुसरें वाहन आल्यास एकानें थांबावेंच. कायद्यानें हा मुलूख आज लंडन शहरांतच मोडतो, हें त्या शांत वाटेवर खरें वाटत नाहीं. चर्चच्या आवारांत डार्विनची पत्नी एमा हिची समाधि आहे. खुद्द डार्विनलाही याच मातींत विसावावयाचें होतें. परंतु राष्ट्रानें त्यास १८८२ सालीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्यें नेऊन ठेविलें. चर्चपासून दहा मिनिटें चाललें म्हणजे घर लागतें.

घर प्रशस्त आहे, पण राजेशाही नाहीं. आपल्याकडील एखाद्या सुखवस्तु वकिलाचा जुना बंगला डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे कल्पना येईल. डार्विन येथें १८४२ च्या सप्टेंबरांत राहावयास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षें, त्यानें हें घर सोडलें नाहीं. त्यास दहा मुलें झालीं. त्यांपैकीं सात जगून मोठीं झालीं. फ्रान्सिस या मुलाची पत्नी १८७६ सालीं बाळंतपणांत वारली, तेव्हां तो आपल्या तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईबापांजवळ येऊन राहिला. अशा रीतीनें डार्विनच्या अखेरच्या वर्षांत या घरांत तीन पिढ्या नांदत होत्या. साहेबलोकांत एकत्र कुटुंब नसतें, असें आपण सरसकट म्हणतों. या घरांतून फिरतांना तें म्हणणें थोडें आवरतें घ्यावें लागतें. अभ्यासिकेंत त्याची चाकें लावलेली खुर्ची पाहिली, दिवाणखान्यांत एमाबाईंचा पियानो पाहिला, आणि तेथून आम्ही मागच्या हिरवळीवर आलों.

डार्विन आणि गांडूळ यांचा संबंध या घराहूनही जुना आहे. जगाची सफर करून परतल्यानंतर थोड्याच दिवसांत तो आपल्या मामांकडे, जोशाया वेजवुड यांच्या घरीं, गेला असतां मामांनीं त्यास एक गोष्ट दाखविली. कांहीं वर्षांपूर्वीं शेतावर पसरलेला चुना आणि राख आतां जमिनीच्या वर नव्हतीं. गवताखालीं कांहीं इंच खोल, एका सरळ थरांत जाऊन बसलीं होतीं. हें काम गांडुळांचें असावें, असा मामांचा तर्क होता. गांडुळें खालची माती गिळून वर आणून टाकतात आणि त्यामुळें वरची वस्तु हळूहळू खालीं जाते, असें अनुमान काढून डार्विननें १८३७ सालीं जिऑलॉजिकल सोसायटीपुढें निबंध वाचला. इतक्या क्षुद्र जीवाच्या हातून इतकें मोठें काम होईल कसें, असा संशय पुष्कळांना आला. डार्विननें वाद वाढविला नाहीं. डाऊनला राहावयास आल्यावर त्याच वर्षींच्या डिसेंबरांत घराजवळच्या एका कुरणावर त्यानें खडूचे तुकडे पसरविले आणि तो वाट पाहत बसला.

किती दिवस वाट पाहिली असेल? एकोणतीस वर्षें! १८७१ च्या नोव्हेंबरांत त्यानें त्या कुरणांत चर खणविला, तेव्हां पांढऱ्या खड्यांची रेघ पृष्ठभागाखालीं ७ इंचांवर स्पष्ट दिसली. या एकोणतीस वर्षांत त्याचे जगप्रसिद्ध ग्रंथ निघाले, मुलें जन्मलीं, कांहीं गेलीं, केस पांढरे झाले. आणि खालीं गांडुळें आपलें काम बिनबोभाट करीत राहिलीं. जवळच दुसरें एक शेत होतें. तें १८४१ सालीं शेवटचें नांगरलें, तेव्हां गारगोट्यांनीं इतकें भरलें होतें कीं त्याच्या उतारावरून मुलें धांवूं लागलीं म्हणजे दगडांचा खडखडाट होई. हे मोठे दगड आपल्या हयातींत झांकले जातील कीं नाहीं, याची डार्विनला शंकाच होती. परंतु तीस वर्षांनीं त्याच शेतावरून घोडा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत भरधांव सोडला, तरी त्याच्या नालास एकही दगड लागूं नये, अशी तेथें मऊ हिरवळ झाली होती.

हिरवळीवर एका झाडाखालीं तो सुप्रसिद्ध 'गांडुळांचा दगड' आहे. मध्यें भोंक असलेला, वाटोळा, सपाट. आमच्या मनांत चटकन् जात्याची तळीच आली. भोंकांतून खालच्या घट्ट थरापर्यंत धातूची कांब उभी केलेली असे, आणि कांब जागची हलत नसल्यामुळें दगड किती खचला तें तिच्या आधारानें मोजतां येई. हें यंत्र डार्विनचा मुलगा होरेस यानें रचलें. वडिलांच्या पश्चात् त्यानें मोजमापें पुढें चालूं ठेवून १९०१ सालीं प्रसिद्ध केलीं. दगड वर्षाला सुमारें २.२ मिलिमीटर या गतीनें खालीं जात होता. आज दिसतो तो मूळ दगड नसून त्याची मागाहून केलेली प्रतिकृति आहे. तरी तिच्यापुढें उभें राहिलें असतां मन थोडें अंतर्मुख होतें. बापानें सुरू केलेलें व्रत मुलानें चालवावें, ही गोष्ट आपल्याला परिचयाची आहे. मात्र तें व्रत एका दगडाचें बुडणें मोजण्याचें असावें, हें नवें.

याहून मौजेची हकीकत अभ्यासिकेंतील कुंड्यांची. मातीनें भरलेल्या कुंड्यांत गांडुळें पाळून डार्विन रात्रीं त्यांचें निरीक्षण करी. त्यांस ऐकूं येतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं घरांतील माणसें कामास लागलीं. कोणी कर्कश शिटी फुंकली, कोणी बसून नावाचें खर्जांतील वाद्य वाजविलें, कोणी मोठ्यानें ओरडलें. गांडुळें ढिम्म. परंतु तीच कुंडी पियानोवर ठेवून एक स्वर वाजवितांच तीं झटकन् बिळांत शिरलीं. आवाज त्यांस कळत नाहीं, कंप कळतो, हा सिद्धांत असा निघाला. तीव्र प्रकाश पडला कीं तीं आंत जात. दिव्यापुढें तांबडी कांच धरल्यास बहुधा स्वस्थ राहत. खाण्याच्या बाबतींत त्यांच्या आवडीनिवडी ठरलेल्या होत्या. कोबीपेक्षां सेलरीचीं पानें त्यांस अधिक रुचत, गाजराचा पाला तर फारच प्रिय. बिळाचें तोंड बुजविण्यासाठीं पान ओढतांना तें कोणत्या टोंकानें धरावें याची कांहीं अक्कल त्यांस असते काय, हें ठरविण्यासाठीं त्यानें कागदाचे ३०३ त्रिकोण कापून टाकले, आणि १०० पैकीं ६२ त्रिकोण निमुळत्या टोंकानें ओढले गेल्याचें नोंदविलें. सत्तरीच्या घरांत आलेला, जगन्मान्य झालेला एक वृद्ध कागदाचे तुकडे मोजीत आहे आणि सुना-नातवंडें कौतुकानें पाहत आहेत, हें चित्र आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं.

या सर्वांचें सार १८८१ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, ग्रंथरूपानें बाहेर पडलें. इंग्लंडांतील पुष्कळ भागांत दर एकरीं वर्षाला दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटांतून जाते. नांगर हा मनुष्याचा फार जुना शोध खरा, परंतु त्याच्याही पूर्वींपासून गांडुळें जमीन नांगरीत आलीं आहेत, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या भाषेंत ज्याला पाठीचा कणा नाहीं अशा माणसाला आपण गांडूळ म्हणून हिणवितों. कणा नसतांना एवढें काम करणाऱ्या प्राण्याशीं ही तुलना त्या माणसास कितपत शोभते, याचा विचार झाला पाहिजे.

आम्हांस आणखी एका गोष्टीचें आश्चर्य वाटलें. डार्विनच्या पश्चात् १९०७ पासून १९२१ पर्यंत या घरांत मुलींची शाळा भरत असे. १९२९ सालीं तें सर्वांस पाहण्यास खुलें झालें आणि १९९६ पासून इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्याची व्यवस्था पाहते. म्हणजे गांडुळें प्रथम या घराच्या अभ्यासिकेंत आलीं, आणि मागाहून त्याच खोल्यांतून वर्ग भरले. गांडुळें प्रत्यक्ष वर्गांत जाण्यास मात्र आणखी पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील कॅलामझू गांवीं मेरी अ‍ॅपलहॉफ नांवाच्या जीवशास्त्राच्या एक शिक्षिका होत्या. घरच्या कचऱ्यावर पेटींत गांडुळें कशीं पाळावींत, याचें सुबोध पुस्तक त्यांनीं १९८२ सालीं लिहिलें, आणि १९९३ सालीं दोघी सहकाऱ्यांसह खास शाळांसाठीं प्रयोगांचें पुस्तक काढलें. २००५ सालीं त्या निवर्तल्या. परंतु वर्गाच्या कोपऱ्यांतील गांडुळांची पेटी आज अनेक देशांतील मुलांच्या ओळखीची झाली आहे.

आपला आणि या विद्येचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो फार जवळचा आहे. डार्विनच्या गांडुळांवरील ग्रंथाची नवी आवृत्ति १९४५ सालीं निघाली, तिला प्रस्तावना होती सर अल्बर्ट हॉवर्ड यांची. हे हॉवर्डसाहेब १९२४ पासून १९३१ पर्यंत होळकरांच्या इंदुरांत वनस्पतिसंशोधनाच्या संस्थेचे प्रमुख होते. काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळीं उलथून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धति त्यांनीं तेथें बसविली, आणि ती 'इंदूर पद्धति' या नांवानें जगभर गेली. १९३१ सालीं तिजवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचें नांव आहे. डाऊनच्या हिरवळीवर उभें राहून इंदूरची आठवण यावी, याचें मर्म हें. ज्या उकिरड्याचा आपण नांव काढतांच नाक मुरडतों, त्याचें शास्त्र आपल्याच अंगणांत वाढलें होतें. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंही दैव उघडतें, अशी आपल्यांत म्हण आहे. रीतसर केल्यास बारा वर्षें लागत नाहींत. तीन महिने पुरतात.

आतां घरच्या व्यवस्थेविषयीं थोडें सांगतों. प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं डार्विनचें गांडूळ खोल बीळ करून राहणारें होतें. तें पेटींत सुखी होत नाहीं. पेटीसाठीं पृष्ठभागाजवळच्या कुजक्या पाल्यांत राहणारी जात पाहिजे. आपल्याकडे आयसेनिया फेटिडा, युड्रिलस युजेनिए आणि आपली देशी पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस या जाती वापरतात. रुंद तोंडाचें मातीचें कुंडें किंवा बुडाशीं भोकें पाडलेली पेटी घ्यावी. तळाशीं खापऱ्या व नारळाच्या शेंड्या, त्यांवर फाडलेलीं वर्तमानपत्रें, पालापाचोळा आणि जुन्या शेणखताचा हात द्यावा. गांडूळ कातडीनें श्वास घेतें. म्हणून ओल हवी, पण चिखल नको. मुठींत दाबून पाहावें. हाताला ओल लागावी, धार लागूं नये. गांडूळ दिवसास साधारण आपल्या वजनाच्या निम्मे खातें; तेव्हां अर्धा किलो कचऱ्यास एक किलो गांडुळें, हें प्रमाण धरावें. भाजीचीं देंठें, सालें, चहाचा चोथा आणि देवावरचें निर्माल्य तीं आनंदानें खातात. मीठ, तेल, दूध, मिरच्या आणि लिंबाच्या सालींचा ढीग त्यांस सोसत नाहीं. प्रत्येक वेळीं वर कोरड्या पानांचें पांघरूण घालावें, म्हणजे चिलटें होत नाहींत. मुंग्यांसाठीं तर आपल्या आज्यांचा उपाय ठाऊकच आहे. दुधाच्या कपाटाप्रमाणें पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावे. उन्हाळ्यांत पेटी सावलींत ठेवून वर ओलें गोणपाट टाकावें, कारण कडक उष्म्यानें तीं मरतात. खत तयार झालें कीं त्याचा उजेडांत ढीग करावा. प्रकाश टाळण्यासाठीं गांडुळें खालीं जातात, आणि वरचें खत हलक्या हातानें काढून घेतां येतें. डार्विनच्या दिव्याचा प्रयोग असा कामीं येतो.

आमच्या घरीं ही पेटी आली तेव्हां मोठ्या काकूंनीं स्पष्ट विरोध केला होता. "घरांत किडे पाळावयाचे? आणि शेजारीं सोंवळ्याचें पाणी भरावयाचें?" असें त्या म्हणाल्या. त्यांच्या म्हणण्यास वडीलकीचा मान देऊन आम्हीं पेटी परसांत, तुळशीपासून दूर ठेविली. मात्र पुढें एक गोष्ट काकूंच्याच ध्यानांत आली. गांडुळांना जें चालत नाहीं तें बहुतेक आपल्या घरच्या रीतींत खरकटें म्हणून आधींच वेगळें पडतें: तेलामिठाचें, दुधाचें, पानांत उरलेलें. ज्या घरांत खरकटें आणि बिनखरकटें हा भेद पिढ्यान् पिढ्या पाळला गेला, त्या घराला ओला कचरा निवडावयास कोणी शिकवावयास नको! "म्हणजे हींही आपल्यासारखींच सोंवळीं कीं," असें म्हणून त्या हंसल्या, आणि पहिलें खत त्यांनीं आपल्या हातानें तुळशीस घातलें. वासाची भीति मात्र निराधार होती. चांगल्या पेटीस पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. दुर्गंधि आली, तर गांडुळांना दोष देऊं नये. पंगतीपेक्षां वाढप अधिक झालें आहे, एवढेंच समजावें.

शाळेच्या वर्गांत तर या पेटीसारखें दुसरें पुस्तक नाहीं. मुलांनीं डब्यांतील उरलीं सालें तोलून टाकावींत, वहींत वजन लिहावें, महिन्याअखेर बेरीज करावी; गणित आपोआप होतें. तांबड्या कागदांतून दिवा दाखवावा, पेटीशेजारीं टाळ वाजवावा, मग तोच टाळ पेटीच्या फळीवर टेकवावा, आणि जें दिसेल तें लिहावें. कापलेल्या गांडुळाचीं दोन गांडुळें होतात ही भ्रामक समजूत येथें सुटते, आणि मुक्या जीवास कापून पाहण्याची खोडही सुटते. प्रत्येक गांडूळ नरही असतें आणि मादीही, हें ऐकून मुलें चकित होतात. मे महिन्याच्या सुटींत पेटी कोणाच्या घरीं जावयाची, हें मात्र आधींच ठरवावें. मुलांना जबाबदारी शिकविण्याचा याहून सोपा धडा आम्हांस माहीत नाहीं.

हें सर्व विस्तारानें सांगण्याचा हेतु केवळ बागेची हौस पुरविण्याचा नाहीं. आपलीं घरें स्वच्छतेसाठीं प्रसिद्ध आहेत. पहांटे सडा पडतो, ओटा लख्ख होतो, केर दाराबाहेर जातो. दाराबाहेर गेलेला केर पुढें कोठें जातो, हें विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे नाहीं. तो प्रथम दुसऱ्या कोणाच्या तरी उघड्या हातांत जातो. पिढ्यान् पिढ्या जे हात आपण दूर ठेविले, त्याच हातांत. तेथून तो गांवाबाहेर जातो. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला, आणि २०१६ च्या जानेवारींत तेथें पेटलेल्या आगीचा धूर शहरावर पसरला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत उघड्यावर पडत राहिला. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी ज्या वाटेनें दिवेघाटाकडे जाते, त्याच वाटेवरचीं हीं गांवें. तेथील विहिरींचें पाणी नासलें, आणि कचऱ्याच्या गाड्या अडविण्यास गांवकऱ्यांना रस्त्यावर यावें लागलें. आपलें सोंवळें आपल्या उंबरठ्यापाशीं संपत असेल, तर तें सोंवळें म्हणावें कीं नुसतें घाण पुढें ढकलणें म्हणावें, हा प्रश्न प्रत्येक गृहिणीनें आणि त्याहून अधिक प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावा.

सरकारी नियम झाले. २०१६ सालीं ओला व सुका कचरा घरींच निराळा करण्याचें बंधन आलें. पुणें महानगरपालिकेनें घरीं गांडूळखत करणाऱ्यांस मिळकतकरांत सूटही देऊं केली. परंतु सुटीच्या आशेनें मांडलेली पेटी सूट मिळेपर्यंतच टिकते. डार्विननें एकोणतीस वर्षें वाट पाहिली, ती कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. आपण तीन महिने पाहावी, एवढीच आमची विनंती आहे. सालें कोठें गेलीं, याचें उत्तर त्या तीन महिन्यांअखेर घरांतील लहान मूलही देऊं शकेल. आणि केराचा प्रश्न ज्या घरांतील मुलें विचारूं लागलीं, तें घर आपला केर दुसऱ्याच्या शिवारांत टाकण्यास फार दिवस धजावणार नाहीं.